खाऱ्या पाण्याचा रांजण

मित्रांनो, मी एक जुना रांजण आहे, पण माझ्या पोटातलं पाणी पिऊन आजवर एकाही माणसाची तहान भागलेली नाही. रांजणाच्या जातीला याहून मोठा कमीपणा नाही. तरीही एके काळी घाटनांदूरच्या पेठेतल्या बायका कामं टाकून मला बघायला येत, आणि एक बाई मला स्वतःच्या पदराने पुसत असे. आता मी एका परसात आडवा पडलो आहे. शेजारची शेळी रोज येऊन माझ्या काठाला पाठ घासते. तिला माझा इतिहास ठाऊक नाही, म्हणून तो तुम्हाला सांगतो.

माझा जन्म तात्याबा कुंभाराच्या घरी झाला. त्याने चाकावर माझा गळा धरला, मग फळीने थापून थापून पोट मोठं केलं आणि उन्हात वाळवून मला आव्यात रचलं. आवा म्हणजे भांडी भाजायची भट्टी. त्या दिवशी वारा फिरला. माझ्या बाजूच्या शेण्या धडाडून पेटल्या आणि मी नको तेवढा भाजलो. बाहेर आलो तो काळपट, तोंडाला जरा वाकडा आणि टिचकी मारली तर पितळेसारखा वाजणारा. तात्याबाला वाटलं, काय खणखणीत भांडं उतरलंय! मलाही तसंच वाटलं. कौतुकाला तेव्हाही मी लवकर भुलत असे.

ते दिवस निजामाच्या राज्याचे होते. लातूरपर्यंत छोटी आगगाडी येऊन काही वर्षं झाली होती. समुद्राकाठच्या मिठागरांतलं खडेमीठ तिच्यातून लातूरला उतरे आणि तिथून बैलगाडीने आमच्याकडे येई. ते मीठ आणून विकणारा इसाक मीठवाला, त्याने मला विकत घेतलं. त्याची बायको चाँदबी. मित्रांनो, ही गोष्ट खरं तर तिची आहे. मी फक्त तिथं उभा होतो.

इसाक आणि चाँदबी आपसात दखनी बोलत. ती भाषा मला ऐकून ऐकून आली, पण मी तात्याबाच्या मातीचा, तुम्हाला सगळं माझ्याच बोलीत सांगेन.

चैत्रात मला ओसरीवर बसवलं, पाणी भरलं, वर पितळी झाकण ठेवलं. दुपारी इसाक उन्हातून आला, पेलाभर पाणी प्यायला आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"अगं, रांजण हाय का चूल हाय? ह्यातलं पाणी आंघोळीला बरं!"

रांजण जरासा पाझरतो म्हणून पाणी गार होतं. मी इतका भाजलो होतो की माझ्यातून पाण्याचा एक थेंब बाहेर पडत नव्हता. इसाकने तात्याबाला बोलावून आणलं. बिचारा ओशाळला. दुसरा रांजण देतो म्हणाला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ह्याला फोडून टाका. माझं नाव नगा सांगू कुणाला."

"ऱ्हाऊ दे की," चाँदबी म्हणाली. "राख भराया व्हईल."

अशा रीतीने माझा जीव वाचला. मी परसाकडच्या भिंतीशी राखेचा धनी होऊन बसलो.

त्याच उन्हाळ्यात ईदेला चाँदबीची एकुलती एक लेक रहेमतबी माहेरी आली. मागच्याच वर्षी तिचं लग्न होऊन ती हैदराबादेला गेली होती. नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला. त्याने तिला हौसेने काचेच्या हंडीत पाच लाल मासे घेऊन दिले होते. ती हंडी मांडीवर घेऊन पोरगी आगगाडीतून आणि बैलगाडीतून आली, पाणी सांडून लुगडं ओलंचिंब. त्यांतल्या एका मासोळीची शेपटी झालरीसारखी लोंबत होती, तिचं नाव तिने झालर ठेवलं होतं. सगळ्यात तांबड्या मासोळीचं नाव लाली. पंधरा दिवस रहेमतबी त्या हंडीसमोर बसून हसत होती. तिचं ते हसणं मला अजून ऐकू येतं.

परत जाताना ऊन असं तापलं होतं की मासे वाटेतच मेले असते. तिने हंडी आईच्या हातात दिली.

"अम्मा, मी बाळंतपणाला येईन तवा बघीन यांला. तवर जगव."

चाँदबी हसून "जगवते" म्हणाली. मासे काय खातात, हे दोघींपैकी कुणालाच नीट माहीत नव्हतं.

चाँदबीने त्यांना भाताची शितं घातली, भाकरीचा चुरा घातला, वर एकदा शिरखुर्म्यातली शेवईसुद्धा घातली. लाडात काही कमी नव्हतं. पण पाणी आंबे, मासे फुगत आणि एक दिवस उलटे होऊन वर येत. आषाढ संपेपर्यंत तीन गेले. प्रत्येकाला तिने डाळिंबाच्या बुंध्याशी पुरलं. उरल्या झालर आणि लाली, त्याही पडवळासारख्या पांढऱ्या पडत चालल्या होत्या.

तेवढ्यात हैदराबादेहून पत्र आलं. रहेमतबीला दिवस गेले होते. सातव्या महिन्यात, थंडीच्या सुरुवातीला ती माहेरी येणार होती. पेठेतल्या मास्तरांनी पत्र वाचून दाखवलं तेव्हा चाँदबी आधी हसली, मग हंडीकडे बघून तिचा चेहरा उतरला. त्या दिवशी तिने मनात एक गाठ मारली. शेजारच्या बायनाबाईजवळ ती ते बोलली, म्हणून मला कळलं.

"बायनाबाई, ह्या दोन मासोळ्या जगल्या तर माझी पोर सुखरूप सुटंल. माझ्या मनानं घेतलंय तसं."

बायनाबाई गावची सुईण. निम्मं घाटनांदूर तिच्या हातून जगात आलेलं. ती चिडली. "असली गाठ कावून मारलीस? मासोळीचा आन बाळंतपनाचा काय संबंध?"

"न्हाई संबंध. पन मारली खरी."

असं आहे मित्रांनो, मन एकदा बांधलं गेलं की सुटत नाही. त्या दिवसापासून चाँदबीचं सारं लक्ष त्या हंडीत.

श्रावणात इसाकची गाडी लातूरहून येताना मांजरा नदीच्या उतारात कलंडली. मिठाची दोन पोती भिजली, गाळाने माखली. ते करडं मीठ कोण घेणार? इसाकने विचार केला, ते पाण्यात विरघळवावं, गाळ खाली बसू द्यावा, वरचं निवळ पाणी उन्हात आटवावं. पण खारं पाणी साध्या माठात ठेवलं तर ते मातीतून पाझरतं, बाहेर पांढरे पापुद्रे धरतात आणि महिन्याभरात माठाचा भुगा होतो. मग इसाकची नजर माझ्यावर पडली. माझी राख उपसून, मला धुऊन, ओसरीच्या कडेला बसवलं. तिथं ऊन येई, पण पागोळ्या पडत नसत. मीठ ओतलं, पाणी ओतलं. पाणी अंमळ जास्तच झालं. इसाक मीठ विकण्यात पटाईत होता, विरघळवण्यात नव्हे.

तीन-चार दिवसांनी माझ्या पोटात गुदगुल्या झाल्या. खरंच सांगतो. त्या गाळात, मिठागरातून आलेली तपकिरी धूळ होती आणि ती धूळ नव्हतीच, अंडी होती. वर्ष-वर्ष सुकी राहून पाणी मिळताच जागी होणारी. आधी नुसते ठिपके हलले. मग पाणी हिरवं झालं, ते हिरवं खाऊन ठिपके वाढले आणि श्रावण सरता सरता तांदळाच्या कणीएवढे गुलाबी जीव पाठीवर उलटे पडून, असंख्य पाय हलवत माझ्यात पोहू लागले. ज्याच्यात राखेशिवाय काही नव्हतं त्याच्यात एवढी वस्ती! मला फार अभिमान वाटला.

इसाकला मात्र किळस आली. "किडे पडले. दे फेकून सगळं."

चाँदबीने निदान पाणी गाळून घ्यावं म्हणून मलमलीचं फडकं धरलं. ते फडकं झटकताना चार-दोन किडे शेजारच्या हंडीत उडाले. चार दिवस शिताला तोंड न लावलेली लाली बाणासारखी वर आली आणि तिने एक किडा गट्ट केला. मागून झालर आली. चाँदबी फडकं हातात धरून तशीच उभी राहिली. मग अशी ओरडली की बायनाबाई कणकेच्या हाताने धावत आली.

त्या दिवसापासून माझ्यातलं पाणी आटवायचं राहिलं आणि मला 'खारा रांजण' हे नाव मिळालं.

किडे पकडायची चाँदबीची रीत ऐका. माझ्या तोंडावर ती ओलं गोणपाट टाकी आणि एका कोपऱ्याला चार बोटं जागा उघडी ठेवी. किडे उजेडाकडे धावतात. थोड्याच वेळात सगळे त्या कोपऱ्यात गोळा झाले की वाटीने अलगद उचलायचे, फडक्यावर ओतायचे, गोड्या पाण्याने दोनदा धुवायचे, म्हणजे हंडीत मीठ जात नाही. पाणी उन्हाने कमी झालं की साधं पाणी घालायचं. त्यासाठी माझ्या आतल्या अंगाला तिने चुन्याची रेघ ओढून ठेवली होती. अडाणी म्हणवून घेणारी बाई होती ती!

पण सुख फार दिवस टिकलं नाही. माझ्यातलं हिरवं पाणी किड्यांनी खाऊन काचेसारखं स्वच्छ केलं. मग खायला काही उरलं नाही. किडे जिवंत होते, पोहत होते, पण त्यांचा गुलाबी रंग गेला. मासोळ्या ते किडे हावरटासारख्या खात आणि तरीही दिवसेंदिवस मलूल होऊन तळाला बसत. लालीच्या कल्ल्यापाशी पांढरा चट्टा दिसू लागला.

"पोटभर खातात, तरी अशा कावून करतात?" चाँदबी रडकुंडीला आली होती. "पोर यायला दोन महिने ऱ्हायले, बायनाबाई."

बायनाबाईने वाटीत दोन किडे घेतले आणि वाटी उन्हात धरली. सुईणीची नजर ती.

"हे बघ. आरपार दिसतंय. ह्यांच्याच पोटात काई न्हाई. रिकाम्या पोटाचा किडा खाऊन मासोळीला काय मिळनार? बाळंतिणीला आपुन डिंक कावून चारतो? तिच्यासाठी? न्हाई. दूध पिणाऱ्या लेकरासाठी. तसंच हे. मासोळीला न्हाई, किड्याला खाऊ घाल."

मित्रांनो, किती साधी गोष्ट आणि किती खरी! पण त्या दोघींनी त्यापुढे जे केलं, ते फक्त आमच्याकडच्या मायाळू बायकाच करू शकतात. बायनाबाईने घरून अळीव आणले, चाँदबीने डिंक तळला, खारीक कुटली, खसखस वाटली आणि सगळं साजूक तुपात परतून बाळंतिणीचा पक्का खुराक तयार केला. दूध घालून पातळ केला. त्याचा वास सगळ्या आळीत गेला. मग वाडगाभर खुराक माझ्या पोटात ओतून दोघी समाधानाने घरात गेल्या.

मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो. तुपाचा तवंग माझ्या पाण्यावर झाकणासारखा बसला. खाली जीव गुदमरले. सकाळी चाँदबीने गोणपाट उचललं तेव्हा किड्यांचा लगदा तळाला आणि वर तो आंबूस दर्प. 

"माझ्या हातानं मारले," ती म्हणाली. "एवढं चांगलंचुंगलं घातलं आन त्यानंच मारले."

बायनाबाईने माझ्यात डोकावून पाहिलं. गावात तिचं बोलणं कुणी खाली पडू देत नसे, त्या बाईने मान खाली घातली. "चूक माजी हाय. म्या बाळंतीण बघितली, आकार न्हाई बघितला. एवढ्याशा जिवाला डिंक देत्यात का? ही बाळंतीण बी हाय आन तान्हं बी हाय. तान्ह्यागत पाजाया पायजे."

मला पुन्हा रिकामं केलं, राखेने घासलं, उन्हात ठेवलं. इसाकने पोत्यांखालचं उरलंसुरलं गाळाचं मीठ झाडून आणलं. वरून थट्टा केलीच, "घ्या बायांनो, आता ह्यांचं बारसं बी करा." पण त्याने ते मीठ निगुतीने, एक खडा न सांडता माझ्यात ओतलं, हे मी पाहिलं. पोरीची काळजी त्यालाही होतीच, फक्त ती दाखवायची त्याला लाज वाटे.

दुसऱ्या खेपेला किडे निघायला जास्त दिवस लागले. हवा गार होत चालली होती. चाँदबी मला सकाळी उन्हात सरकवी, दुपारनंतर अंगाभोवती गोणपाटं गुंडाळी. लाली तोवर जवळजवळ हलेनाशी झाली होती. चाँदबी हंडीजवळ बसून तिच्याशी बोले, "थोडी कळ काढ, माझी माय." आणि मी माझ्या पोटातल्या ठिपक्यांना मनातल्या मनात म्हणे, वाढा रे लवकर.

किडे कणीएवढे झाले, तेव्हा चाँदबीने कोंबडीचं एक अंडं उकडलं. त्यातला पिवळा बलक हरभऱ्याच्या दाण्याएवढा घेतला, मलमलीत बांधून वाटीभर पाण्यात चोळला. पाणी दुधाळ झालं. त्यातले फक्त दोन चमचे तिने माझ्यात सोडले आणि शेजारी बसून राहिली. पाणी गढूळ होतं ते हळूहळू निवळू लागलं. पुरतं निवळलं म्हणजे किड्यांनी खाल्लं. मग आणखी दोन चमचे. दुपारपर्यंत प्रत्येक किड्याच्या अंगात एक पिवळी रेघ चमकू लागली, सुईत ओवलेल्या दोऱ्यासारखी.

"भरली पोटं!" चाँदबी टाळी वाजवून म्हणाली.

ती रेघ दिसताच किडे उचलायचे, धुवायचे आणि लगेच मासोळ्यांना घालायचे, हेही तिने स्वतःच ताडलं. कारण संध्याकाळपर्यंत ठेवले तर रेघ नाहीशी होई, किडा आपलं खाल्लेलं स्वतःच जिरवून पुन्हा रिकामा होई. त्या दिवसापासून तिचा नेम झाला. आधी किड्याचं पोट, मग मासोळीचं, मग स्वतःचं.

आठवड्यात लालीचा चट्टा गेला. पंधरवड्यात तिला असा रंग चढला की हंडीवर ऊन पडलं की भिंतीवर तांबडं हले. झालर आपली शेपटी पसरून मिरवू लागली. तेव्हाच पेठेतल्या बायका मला बघायला येऊ लागल्या. तात्याबाही आला, माझ्याभोवती फिरला, टिचकी मारली आणि चारचौघांत म्हणाला, "ह्यो माझा रांजण हाय बरं का!" फोडून टाका म्हणणारा हाच तो! मी त्याला मनातून माफ केलं. बाप होता माझा.

आणि मार्गशीर्षात लातूरहून गाडी आली.

चाँदबी सकाळपासून दारात होती. रहेमतबी गाडीतून उतरली आणि कुणाला न भेटता थेट हंडीपाशी गेली. "अम्मा! लाली! झालर बी हाय!" ती तशीच हसली, तेच ते हसणं. चाँदबीच्या छातीवरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. शब्द दिला होता, तो पाळला होता.

मग पोरीने हंडीवर ठेवायला हात वर केला आणि तिच्या मनगटातल्या बांगड्या घसरून कोपरापर्यंत गेल्या.

चाँदबी बघतच राहिली. पोरगी वाळून काटकी झाली होती. गालफडं बसलेली, डोळ्यांखाली काळं. सातवा महिना, पण पोट तेवढं पुढे आणि बाकी अंगावर काही नाही. जेवायला बसवलं तर दोन घास खाऊन थांबली आणि सवयीने विचारलं, "सगळ्यांचं झालं का?"

हळूहळू आईने काढून घेतलं. सासरी तेरा माणसं. आधी पुरुष, मग पोरं, मग मोठ्या बायका. ही धाकटी सून सगळ्यात शेवटी. तिच्या वाट्याला जे उरेल ते, कधी भाताची खरवड, कधी नुसतं सालनाचं, म्हणजे कालवणाचं, पाणी. "मारत न्हाईत, अम्मा. वाईट बोलत न्हाईत. नवरा बी चांगला हाय. फक्त शेवटाला काई उरत न्हाई."

चाँदबी वाटी घेऊन माझ्याकडे आली. किडे काढायची वेळ झाली होती. पण तिने गोणपाट उचललं नाही. माझ्या वाकड्या काठावर दोन्ही हात ठेवून ती वाकली आणि तिचे अश्रू माझ्या पाण्यात पडले. ते पाणी आधीच खारट होतं.

"किड्याच्या पोटात रेघ दिसंस्तवर मी बसून ऱ्हायले," ती पुटपुटली. "आन माझ्या पोरीच्या पोटात काय गेलं, हे कुणी बघितलं न्हाई. म्या बी न्हाई."

त्या दिवसापासून घरात पुन्हा डिंक तळला जाऊ लागला. बायनाबाई आता शहाणी झाली होती. वाडगाभर ओतायचं नाही. उपाशी पोटाला एकदम झेपत नाही. आधी पेज, मग खिमट, मग दुधात भिजवलेली खारीक, असं दोन-दोन घासांनी तिने पोरीला माणसांत आणलं. माघात रहेमतबी बाळंत झाली. मुलगी झाली, लहानखुरी, पण पहिल्याच श्वासाला अशी रडली की मी भिंतीपलीकडे दणाणलो. मासोळ्या त्या दिवशीही पोहत होत्या. चाँदबीने मनातली गाठ सोडली. तिला आता कळलं होतं की गाठ चुकीच्या ठिकाणी मारली होती.

चाळीस दिवस झाले आणि सुनेला न्यायला हैदराबादेहून विहीणबाई आल्या. जाडजूड, पान खाणाऱ्या, स्वभावाने वाईट म्हणता येणार नाही अशा. दुपारी त्या ओसरीवर बसल्या आणि चाँदबीचं बलक चोळणं बघू लागल्या. मग त्यांना हसू आवरेना.

"किड्यांला अंडं? या अल्ला! मग सरळ मासोळीलाच घाला की."

"घालून बघितलं असतं तर पानी नासलं असतं," चाँदबी खाली बघतच म्हणाली. "तिला किडाच पचतो. म्हणून किड्याचं पोट भरायचं. म्हणजे तिचं भरतं."

"लई कौतुक बाई तुमचं!"

चाँदबीचा हात थांबला. तिने फडकं वाटीत ठेवलं. एवढे दिवस गिळलेलं तिच्या ओठांवर आलं.

"विहीणबाई, मी एक किडा बी उपाशी देत न्हाई माझ्या मासोळीला. आन तुमी माझी पोर उपाशी ठेवली. तिच्या पोटात तर तुमचंच नातवंड हुतं."

 दाराशी हुक्का घेऊन बसलेल्या इसाकने ओढणं थांबवलं. मुलीच्या आईने असं बोलायचं नसतं, आजही नसतं, तेव्हा तर नाहीच. मला वाटलं, आता विहीणबाई उठणार, गाडी जुंपायला सांगणार, पोरीला कायमची इथंच टाकून जाणार. चाँदबीलाही तेच वाटलं असावं. पण तिने बोललेलं मागं घेतलं नाही.

विहीणबाईंनी पान थुंकलं. मग ती दुधाळ पाण्याची वाटी स्वतःकडे ओढली.

"मला तरी कुणी विचारलं, जेवलीस का म्हणून?" त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला. "मी बी धाकटीच हुते. खरवड खाऊन सात लेकरं काढली. चार ऱ्हायली. तीन का गेली, म्हणून कुणी बघितलं न्हाई. म्या बी न्हाई बघितलं. मला वाटलं, असंच असतं."

भांडायला उभी राहिलेली चाँदबी त्यांच्या शेजारी बसली.  मग चाँदबी आत गेली, तव्यावरची पहिली भाकरी, वाटीभर सालन, वर तूप, असं एक मोठं ताट घेऊन आली आणि विहीणबाईंच्या समोर ठेवलं. रहेमतबीला हाक मारून त्याच ताटावर बसवलं. सासू आणि सून, पुरुषांच्या आधी.

इसाक दारातून म्हणाला, "जेवा, जेवा. आज आमी मागून बसतो. मरत न्हाई एका दिसात."

निघताना विहीणबाईंनी चाँदबीचा हात धरून सांगितलं, "आता ही माझ्या ताटात जेवंल. माझ्या शेजारी. माझी जबान हाय." आणि ती जबान त्यांनी पाळली. पुढच्या ईदेला रहेमतबी आली, तेव्हा कासारणीला तिच्या हातात बांगड्या चढवायला साबण लावावा लागला.

झालर आणि लाली पुढे बरीच वर्षं जगल्या. मग त्या गेल्या, चाँदबी थकली, इसाकचा मिठाचा धंदा बसला. मला कुणी उन्हात सरकवेना. पाणी आटलं, चुन्याची रेघ पुसली गेली. पुढे कुणी मला राखेचा केला, कुणी कडब्याचा, आणि शेवटी ढकलून इथं आडवा टाकला. पदराने पुसणारं कुणी राहिलं नाही. वाईट वाटतं कधी कधी. खोटं कशाला बोलू?

पण मित्रांनो, मला उचलून सावलीत ठेवा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझं मागणं वेगळं आहे. आज जेवायला बसाल, तेव्हा घरात सगळ्यांना वाढून शेवटी कोण जेवतं ते बघा. ती बसेपर्यंत उठू नका. तिच्या ताटात काय उरलंय ते नीट बघा. आणि काही उरलं नसेल, तर आपल्या ताटातली अर्धी भाकरी उचलून तिच्या ताटात ठेवा. ती नको म्हणेल. तरी ठेवा.